'व्हॉइड' म्हणजे काय? कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्टाचे कागद, बँकेचे फॉर्म, दवाखान्यातले रिपोर्ट, एमआयडीसीतली ड्रॉइंग्ज, कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वह्या. भाषांतरासाठी किंवा नुसतं 'एवढं वाचून सांगा की' म्हणून आमच्या टेबलावर जे येतं, त्यात हा एक शब्द सगळीकडे ठाण मांडून बसलेला असतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि कोर्टाच्या इंग्रजीची आवक आणखी वाढली. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. तुमच्या प्रकरणात काय करायचं ते वकील आणि डॉक्टरच सांगतील. इथे फक्त शब्दाची उकल आहे.

व्हॉइड म्हणजे रिकामं, एवढंच ना?

मुळात हो. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला शब्द. 'व्हॅक्यूम' आणि 'व्हेकंट' त्याचेच भाऊबंद. पण डिक्शनरीत 'रिकामा, पोकळ, शून्य' वाचून कागद कळत नाही. रिकामं खरं, पण कशाविना, हे दर ठिकाणी विचारावं लागतं. करारात कायद्याचं बळ नसतं, कास्टिंगमध्ये धातू नसतो, प्रोग्रॅममध्ये परत येणारी किंमत नसते. सोनोग्राफीच्या रिपोर्टात तर तो क्रियापद होऊन येतो.

'नल अँड व्हॉइड' असे दोन शब्द कशाला? एकाने भागत नाही?

भागतं. एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून लिहायची इंग्रज वकिलांची जुनी खोड आहे. आपण तरी कुठे कमी आहोत? 'रद्दबातल' बघा. 'रद्द' आणि 'बातल' हे दोन्ही अरबीतून फारसीमार्गे आलेले. त्यातला 'बातल' म्हणजेच मुस्लिम कायद्यातला 'बातिल': निकाह सहीह म्हणजे वैध, फासिद म्हणजे सदोष, बातिल म्हणजे झालाच नाही असा. त्यामुळे 'नल अँड व्हॉइड'ला 'रद्दबातल' हा मराठीत तोडीस तोड शब्द आहे. 'निरर्थक' लिहू नका, वाचणाऱ्याला वाटतं मजकुरालाच अर्थ नाही.

व्हॉइड आणि व्हॉइडेबल यात फरक काय?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि सगळ्यात जास्त नुकसानही.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २ मध्ये दोन्हींची व्याख्या आहे. कायद्याने जो अमलात आणता येत नाही तो करार व्हॉइड. एका बाजूच्या मर्जीवर जो अमलात आणता येतो, पण दुसऱ्या बाजूच्या मर्जीवर नाही, तो व्हॉइडेबल. म्हणजे व्हॉइड करार मेलेला असतो. व्हॉइडेबल जिवंत असतो, फक्त त्याची मान एकाच्या हातात असते. धाकदपटशा, फसवणूक किंवा खोटी माहिती देऊन संमती घेतली असेल (कलम १९), तर ज्याची फसवणूक झाली त्याने ठरवायचं, करार ठेवायचा की मोडायचा. फसवणाऱ्याला तो मोडता येत नाही.

उद्यमनगरातलं उदाहरण घ्या. तुमचं जुनं लेथ मशीन एकाने थापा मारून विकत घेतलं आणि महिन्याभरात तिसऱ्याला विकलं. तिसऱ्याने ते सरळ मनाने घेतलं, त्याला आधीच्या भानगडीचा पत्ता नाही. तुम्ही तोपर्यंत करार मोडला नसेल तर ते मशीन त्या तिसऱ्याचंच झालं. मालविक्री कायदा १९३०, कलम २९. पहिला व्यवहार मुळातच व्हॉइड असता तर या कलमाचा आडोसा त्याला मिळाला नसता. 'आपला करार काय, व्हॉइडेबलच आहे' म्हणून हातावर हात धरून बसणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं.

पाचशेच्या स्टॅम्पवर आहे, नोटरीचा शिक्का आहे, दोन साक्षीदार आहेत. मग व्हॉइड कसा?

स्टॅम्प म्हणजे शासनाचा कर, आणि नोटरी फक्त सही कुणाची ते बघतो. आतला मजकूर कायद्यात बसतो की नाही ही गोष्ट वेगळी. आमच्याकडे येणाऱ्या कागदांत तीन प्रकार ठरलेले.

पहिला पैजेचा. खासबागेत कुस्ती बघताना दोन प्रेक्षकांनी लाखाची पैज लावली, वर कागदही केला. कलम ३० प्रमाणे तो व्हॉइड. हरलेल्याकडून पैसे काढायला कोर्ट मदत करणार नाही. पैलवानाला मिळणारं बक्षीस ही पैज नव्हे, त्याला हे कलम लागत नाही.

दुसरा धंद्याला बांध घालणारा. चप्पल शिकवताना मालकाने कारागिराकडून लिहून घेतलं, 'काम सोडल्यावर दहा वर्षं कोल्हापुरात चपलेचं दुकान टाकणार नाही.' कलम २७ मुळे ही अट व्हॉइड. दुकानाची गुडविल विकणाऱ्यावर मात्र वाजवी मर्यादेत अशी अट घालता येते, तेवढा अपवाद कायद्यातच आहे.

तिसरा अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाचा.

मुलगा सतराचा होता, पण सही त्यानेच केली. आता?

कोलकात्याच्या मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटच्या अपिलाचं कोर्ट) १९०३ मध्ये हे कायमचं निकाली काढलं. धर्मोदासने अज्ञान असताना वीस हजारांसाठी घर गहाण टाकलं होतं. कौन्सिल म्हणालं, अज्ञानाचा करार व्हॉइडेबलही नव्हे, पुरता व्हॉइड. सावकाराला घर मिळालं नाही आणि दिलेली रक्कमही परत मिळाली नाही. तेव्हा मुलगा अठरा पूर्ण झाल्यावर 'मी तो जुना करार मान्य करतो' म्हणाला तरी मेलेला करार उठून बसत नाही, नवा करावा लागतो. अन्न, कपडे, शिक्षण अशा गरजेच्या गोष्टी अज्ञानाला पुरवल्या असतील, तर त्याचे पैसे त्याच्या मालमत्तेतून मागता येतात (कलम ६८). एवढीच फट.

मामाच्या मुलीशी लग्न केलं तर ते व्हॉइड ठरतं म्हणे. आमच्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या होतात!

हा प्रश्न पुण्या-मुंबईकडच्या सूनबाईंच्या माहेरून हमखास येतो. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये भाऊ-बहिणीची मुलं एकमेकांच्या निषिद्ध नात्यात येतात. म्हणजे आतेभाऊ आणि मामेबहीण त्यात आले. निषिद्ध नात्यातलं लग्न कलम ११ खाली व्हॉइड. पण कलम ५ मध्येच एक दार उघडं ठेवलंय: दोन्हीकडच्या रूढीने असं लग्न चालत असेल तर ते वैध. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात ही रूढी जुनी आहे. वाद कोर्टात गेला तर मात्र 'आमच्यात चालतं' म्हणून भागत नाही, रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. चुलत भावंडांना आपल्याकडे ही रूढी नाही, त्यामुळे तिथे हे दार बंद.

पहिली बायको हयात असताना, घटस्फोट न घेता केलेलं दुसरं लग्नही कलम ११ खालीच व्हॉइड. त्यातून झालेली मुलं मात्र कलम १६ मुळे औरस. लग्न शून्य झालं तरी मूल शून्य होत नाही, आणि कायद्याने इथे माणुसकी दाखवली आहे असं आमचं मत.

बालविवाह आपोआप व्हॉइड होतो का?

नाही, आणि हे ऐकून बरेच जण चमकतात. २००६ च्या कायद्याप्रमाणे तो व्हॉइडेबल. लग्नाच्या वेळी जो अज्ञान होता त्याने किंवा तिनेच तो रद्द करून मागायचा, तोही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. पळवून नेऊन, फसवून किंवा विकून लावलेलं लग्न व्हॉइड. कोर्टाने मनाई केली असताना लावलेलंही व्हॉइड. लावणाऱ्यांवरचा गुन्हा सगळ्याच प्रकारांत वेगळा उभा राहतो.

चेकची झेरॉक्स काढली तर त्यावर 'व्हॉइड' उमटलं. चेक बाद झाला का?

मूळ चेक ठणठणीत आहे. सीटीएस-२०१० या चेकच्या ठरलेल्या नमुन्याप्रमाणे छापलेल्या चेकच्या कागदात बारीक ठिपक्यारेषांची नक्षी असते आणि तिच्यात 'व्हॉइड' किंवा 'कॉपी' हा शब्द दडवलेला असतो. साध्या डोळ्याला तो नीट दिसत नाही. झेरॉक्स मशीन किंवा रंगीत स्कॅनर त्या नक्षीचे बारीक आणि जाड ठिपके वेगवेगळे पकडतो आणि शब्द वर येतो. नकली चेक चालवणाऱ्याला अडवायची ही सोय आहे. केवायसीला जोडायच्या झेरॉक्सवर असा शब्द आला तरी बिघडत नाही.

अमेरिकेतल्या मुलाने 'व्हॉइड चेक पाठवा' म्हटलं तर तो आपला कॅन्सल चेकच: दोन तिरप्या रेघा, मध्ये 'कॅन्सल्ड', सही नको.

आणि रकमेत किंवा नावात खाडाखोड केली, तर ज्याने त्या बदलाला संमती दिली नाही त्याच्यापुरता चेक खरोखर व्हॉइड होतो (परक्राम्य दस्तऐवज कायदा १८८१, कलम ८७). शेजारी छोटी सही करून दुरुस्ती चालायची ते दिवस गेले, नवा चेक फाडा.

वडिलांच्या सोनोग्राफीत 'पोस्ट-व्हॉइड' लिहिलंय. पोटात पोकळी झाली का?

नाही हो. वैद्यकीय इंग्रजीत 'व्हॉइड' म्हणजे लघवी करणं, मूत्राशय रिकामं करणं. प्री-व्हॉइड म्हणजे लघवीला जाण्याआधीचं माप, पोस्ट-व्हॉइड म्हणजे जाऊन आल्यावरचं. म्हणूनच आधी तांब्याभर पाणी प्यायला लावतात, मग 'जाऊन या' म्हणतात, आणि परत झोपवून जेली लावतात. शेवटी जे मिलिलीटर लिहिलेले असतात, तेवढी लघवी आत उरली. ५० मिलिलीटरच्या आत असेल तर सहसा काळजी करत नाहीत. शंभर-दोनशेच्या पुढे गेलं की प्रोस्टेट, नसा, औषधं असं कारण शोधतात. वाट बघत फार वेळ तुंबवून धरलं तरी आकडा फुगतो, तेही डॉक्टरांना सांगा.

मेंदूच्या एमआरआयमध्ये 'फ्लो व्हॉइड्स' आहेत. हे गंभीर आहे का?

'नॉर्मल फ्लो व्हॉइड्स' असेल तर पेढे वाटा. रक्तवाहिनीतून रक्त वेगात वाहत असलं की तिथून सिग्नल येत नाही आणि चित्रात काळा ठिपका दिसतो. काळं म्हणजे वाहतंय. जिथे तो असायला हवा तिथे दिसला नाही, तर रेडिओलॉजिस्ट जास्त बारकाईने बघतात.

ड्रॉइंगवर 'फ्री फ्रॉम व्हॉइड्स' लिहिलंय. फौंड्रीत याला काय म्हणतात?

शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात कुणी 'व्हॉइड' म्हणत नाही. 'ब्लो होल आलंय' किंवा 'श्रिंकेज आहे' असं म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात, कारण दोन्हींची कुळी वेगळी. ड्रॉइंगवरचा शब्द दोन्हींना एकाच पोत्यात भरतो.

कास्टिंग वरून चांगलं दिसतं. शॉट ब्लास्ट होऊन, रंग लागून मशीन शॉपला जातं. बोअरिंगला लावलं की दुसऱ्या कटला टूलचा आवाज अचानक बदलतो, टक्‌टक्‌ व्हायला लागतं. मशीन थांबवून टॉर्च मारली की भोक दिसतं. त्या भोकाच्या आतल्या भिंती बघा. गोलसर, गुळगुळीत, चकचकीत असतील तर तिथे गॅस अडकला होता: वाळूत ओल जास्त, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) नीट सुकला नाही, व्हेंट (गॅस बाहेर जायच्या वाटा) कमी पडले किंवा वाळू इतकी ठासली की हवेला वाट उरली नाही. भिंती वेड्यावाकड्या, खरखरीत, झाडाच्या बारीक फांद्यांसारख्या असतील तर ते श्रिंकेज. धातू गोठताना आकसतो. ॲल्युमिनियम साधारण ६ ते ७ टक्के, स्टील ३ टक्क्यांच्या आसपास. जाड भाग सगळ्यात शेवटी गोठतो, आणि त्या वेळी त्याला पाजायला रायझरमध्ये (साच्यातल्या जादा रसाच्या साठ्यात) पातळ रस उरला नसेल तर पोकळी पडणारच. ग्रे आयर्नची गंमत अशी की गोठताना त्यात ग्राफाइट सुटतं आणि ते फुगतं, त्यामुळे आकसणं बरंचसं भरून निघतं. अर्थात साचा घट्ट असेल तरच. ढिला असला की फुगवटा साच्याची भिंत ढकलतो आणि पोकळी आत राहते.

एका दोषाचं औषध दुसऱ्याला लावून उपयोग नाही. गॅसच्या भोकावर रायझर वाढवत बसणारे पाहिलेत, तसेच भोकात मेटल पुट्टी भरून वर रंग मारून माल पाठवणारेही. इंग्रजीत रिजेक्शन रिपोर्ट लिहायचा असेल तर नुसतं 'व्हॉइड' लिहू नका, भिंत कशी होती ते लिहा.

स्लॅबला खालून खडी दिसतेय. इंजिनिअर 'व्हॉइड्स' म्हणतो, गवंडी म्हणतो गिलाव्यात झाकेल.

गिलाव्यात दिसायचं बंद होईल. काँक्रिटमध्ये ५ टक्के पोकळी राहिली तर ताकद ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते, आणि पावसाळ्यात त्याच वाटेने पाणी सळईपर्यंत पोचतं. व्हायब्रेटर फिरवायचा कंटाळा आणि मिश्रणात ओतलेलं जादा पाणी, ही नेहमीची दोन कारणं.

मग पोकळी नेहमी वाईटच?

डांबरी रस्त्याच्या वरच्या थरात ती मुद्दाम ठेवतात. दाबून झालेल्या मिश्रणात साधारण ३ ते ५ टक्के हवा असावी असं डिझाइन करतात. उन्हात डांबर फुगतं, त्याला शिरायला जागा लागते. नाहीतर ते वर येतं आणि चाकाखाली चरे पडतात. हवा फार जास्त राहिली तर पाणी शिरून थर सुटतो. आपल्या गल्लीत यातलं काय झालंय ते जुलैत कळतं.

व्हॅक्यूम आणि व्हॉइड एकच का?

नाही. व्हॅक्यूममध्ये हवासुद्धा नसते किंवा फार कमी असते. कास्टिंगमधल्या व्हॉइडमध्ये गॅस असू शकतो, मातीतल्या व्हॉइडमध्ये पाणी. कोल्हापुरी मसाल्याचं व्हॅक्यूम पॅक हातात घेतलं की वीट लागते हाताला: आतली हवा काढली, बाहेरच्या हवेने पिशवी दाबून मसाल्याला चिकटवली.

सी लँग्वेजमध्ये 'व्हॉइड मेन' लिहिलं तर मार्क कापतात. आमच्या सरांनी तसंच शिकवलंय!

टर्बो सी या जुन्या कंपायलरने कित्येक वर्षं ते मुकाट्याने चालवून घेतलं, म्हणून आपल्याकडे ती सवय मुरली. स्टँडर्डप्रमाणे मेनने इंट, म्हणजे पूर्णांक, परत द्यायचा असतो. प्रोग्रॅम नीट संपला की नाही हे ऑपरेटिंग सिस्टिमला त्यावरून कळतं. बाकी फंक्शनच्या नावाआधी व्हॉइड म्हणजे काम करेल, किंमत परत देणार नाही. कंसात व्हॉइड म्हणजे बाहेरून काही घेणार नाही. व्हॉइड पॉइंटरमध्ये पत्ता असतो, पण तिथे कोणत्या जातीचा डेटा आहे ते सांगितलेलं नसतं, म्हणून आधी टाइप ठरवल्याशिवाय त्यातून थेट वाचता येत नाही. १९७८ च्या मूळ पुस्तकातल्या सीमध्ये हा शब्दच नव्हता. १९८९ च्या स्टँडर्डने तो पक्का केला. जावात 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' बरोबर आहे, तिथे कुणी मार्क कापणार नाही.

आकाशातलं व्हॉइड म्हणजे ब्लॅक होल का?

उलट. ब्लॅक होलमध्ये वस्तू ठासून भरलेली असते. व्हॉइड म्हणजे दीर्घिकांची (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांची) फार तुरळक वस्ती असलेला प्रचंड प्रदेश. सगळ्यात गाजलेला १९८१ मध्ये रॉबर्ट किर्शनर आणि सहकाऱ्यांनी शोधला, भूतप तारकासमूहाच्या दिशेला. आरपार सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षं, आणि आत मोजक्याच दीर्घिका. मे महिन्यात रात्री पन्हाळ्यावर गेलात तर डोक्यावर नारिंगी स्वाती दिसेल, ती याच समूहातली. व्हॉइड त्या दिशेला, पण कल्पनेपलीकडे दूर.

उच्चार 'वाईड' करायचा की 'व्हॉइड'?

व्हॉइड. वाईड अंपायर देतो.

हॉटेलच्या बिलावर 'व्हॉइड' छापून आलंय. पैसे परत कधी येणार?

स्वाइप मशीनवर त्याच दिवशी, हिशेब बँकेकडे जाण्याआधी व्यवहार मागे घेतला तर तो व्हॉइड. रक्कम खात्यात अडकवलेली असते, ती सुटते. हिशेब गेल्यानंतर करतात तो रिफंड, त्याला काही दिवस लागतात. दोन वेळा कार्ड घासलं गेलं असेल तर तिथल्या तिथे व्हॉइड करून स्लिप मागा.

मिक्सर उघडला तर स्टिकरखाली 'व्हॉइड व्हॉइड' असं छापलेलं दिसलं.

त्या स्टिकरचा गोंद मुद्दाम अर्धवट सुटणारा असतो. सोलला की अक्षरं बॉडीवर राहतात आणि परत चिकटवून ती झाकत नाहीत. म्हणजे वस्तू कुणीतरी उघडली होती, मग वॉरंटीवरून वाद. दुकानात दुरुस्तीला टाकण्याआधी स्टिकरचा फोटो मोबाइलवर काढा, आणि तो शाबूत असल्याचं पावतीवर लिहून घ्या.